दहा लाखांचा प्रांत

रिजायना, सस्कॅचवान
४ जुलै २०११

तीर्थरूप मामांना देवश्रीचा नमस्कार.

फोनवर तुम्ही दर वेळी "बरं बरं, मामीशी बोल" म्हणून सुटता, म्हणून या वेळी कागद घेऊन बसले आहे. पत्राला उत्तर दिलंच पाहिजे असं तुम्हीच आम्हाला लहानपणी बजावलं होतं. तेव्हा आता सुटका नाही.

सचिनबद्दल लिहिते आहे. आमच्या सस्कॅचवान प्रांताला माणसं हवी आहेत. खरोखर हवी आहेत, जाहिरात देऊन मागतात. गहू आहे, खाणी आहेत, तेल आहे, पण काम करायला हात नाहीत. इथे राहणाऱ्या माणसाला आपल्या नातेवाइकाचं नाव सुचवता येतं आणि प्रांत त्याला बोलावतो. मामेभाऊ चालतो, मी विचारून आले. सचिनकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातला सहा वर्षांचा अनुभव आहे आणि लग्नाची गडबड अजून नाही. दीड-दोन वर्षांत तो इथे असेल. मामी म्हणत होत्या, तो घरी आला की रुमाल काळा होतो. असं किती दिवस चालायचं?

अडचण एकच आहे. सचिन माझा मामेभाऊ आहे हे कागदावर दिसायला हवं. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव संपदा शरच्चंद्र किन्हीकर. माहेरी ती माया मोहरील होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि माया संपली. इथल्या इमिग्रेशन कार्यालयातल्या बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आडनाव बदललं हे समजलं, पण नावही बदललं? मग ती तीच बाई कशावरून?" आई जाऊन चार वर्षं झाली, तिला विचारता येत नाही. तिच्या आर्वीच्या शाळेचा दाखला तुमच्याकडे आहे असं ती म्हणायची. त्याची नक्कल आणि "माया आणि संपदा एकच, ती माझी धाकटी बहीण" असं तुमचं नोटरीसमोरचं शपथपत्र, एवढंच पाठवा.

तुमचा जावई नरेश आठवडाभर खाणीवर असतो, शनिवारी येतो. तो नमस्कार सांगतो.

तुमची,
देवश्री

---

तेलीबांधा, रायपूर
२९ जुलै २०११

चि. सौ. देवश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र एकवीस दिवसांनी मिळालं. एवढ्या प्रगत देशाचं टपाल बैलगाडीने निघतं की काय, असं पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, "बाबूजी, देर हमारे तरफ से नहीं हुआ."

तुझ्या प्रांताची चौकशी केली. चौतीस वर्षं जनगणना खात्यात काढलेल्या माणसाला "माणसं हवी आहेत" एवढं सांगून भागत नाही, बाई. आकडे लागतात. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत दोन तास बसलो आणि हसून हसून परत आलो. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, आमच्या छत्तीसगडच्या जवळजवळ पाचपट. आणि माणसं? २००६ च्या गणतीत नऊ लाख अडुसष्ट हजार! आमच्या एकट्या रायपूर शहराची या वर्षीची गणती दहा लाखांवर गेली आहे. म्हणजे तुमचा अख्खा प्रांत उचलून आमच्या महानगरपालिकेच्या हद्दीत ठेवला तर पाणीपुरवठा विभागाला पत्ताही लागणार नाही. राजधानी रिजायना पावणेदोन लाखांची. आमचं राजनांदगाव त्याच तोडीचं आहे, आणि राजनांदगावाला कोणी राजधानी म्हटलं तर तिथलेच लोक लाजतील.

पुढे ऐक. १९३१ साली तुमच्याकडे नऊ लाख एकवीस हजार लोक होते. पंचाहत्तर वर्षांत वाढ सेहेचाळीस हजारांची! आणि २००१ ते २००६ मध्ये तर वाढ सोडच, दहा हजार कमी झाले. ज्या घरातली पोरं पटापट शेजारच्या घरी राहायला जातात, त्या घराचा मालक रस्त्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला बोलावतो, तसं हे चाललं आहे. त्यात माझ्या मुलाने जाऊन ताट धरायचं?

आणखी एक विचारतो. तुमच्या प्रांतात पंधरा टक्के लोक मूळचे तिथले, आदिवासी. त्यांच्यात लहान मुलं भरपूर, तरुण भरपूर. मग हात नाहीत असं कसं? त्या हातांना काम द्यायचं सोडून सात समुद्रापलीकडचा सचिन मोहरील काहून लागतो? आम्ही इथे रायपूरशेजारी नवी राजधानी बांधून राहिलो, ज्यांची जमीन गेली ते तिथेच गेटवर वॉचमनची शिट्टी घेऊन उभे आहेत. तेव्हा हा प्रकार आम्हाला नवा नाही. तुमच्याकडे इंग्रजीत चालतो एवढंच.

मामी बरी आहे. सचिनचा रुमाल मी पाहिला. सिलतऱ्यात सगळ्यांचेच तसे असतात.

मायाचा दाखला शोधतो. कपाटात कागद फार झाले आहेत.

तुझा,
दत्तोमामा

---

रिजायना
१२ सप्टेंबर २०११

ती. मामा,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी नरेशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझे मामा इथल्या विधानसभेत हवे होते. मी म्हटलं, नको, सभागृह रिकामं होईल.

तुमचे आकडे खरे आहेत, पण जुने आहेत. मे महिन्यात इथे नवी गणती झाली. आमच्या घरी फॉर्म टपालाने आला, मीच भरला, कोणी गुरुजी दारात उभे नव्हते. निकाल फेब्रुवारीत लागेल आणि तेव्हा दहा लाख ओलांडलेले असतील असं सगळे म्हणतात. ज्या गावात शाळा बंद पडली होती तिथे फिलिपिन्सची पाच घरं आल्यावर ती पुन्हा उघडली. माझ्याबरोबर काम करणारी एक फिलिपिनो नर्स आहे, तिने तीन वर्षांत अकरा नातेवाईक आणले. अकरा! माझा एक मामेभाऊ येत नाही, कारण त्याचे वडील सायबर कॅफेत बसून १९३१ साल वाचतात.

आणि नव्या राजधानीबद्दल तुम्ही काय सांगता? गेल्या डिसेंबरात मी आले होते तेव्हा सचिनने मला तिकडे फिरवून आणलं. सहा पदरी रस्ता, मधोमध फुलझाडं, आणि माणूस औषधाला नाही. एका चौकात सिग्नल लाल झाला म्हणून आम्ही थांबलो. दुसऱ्या बाजूला एक गायही थांबली होती. बस येईल म्हणून एक बाई दीड तास बसली होती. मला तर आमच्या सस्कॅचवानची आठवण झाली. फरक एवढाच की आम्ही रस्ते आधी बांधून मग माणसं शोधतो असं कबूल करतो.

कामाचं विचारलं होतंत ना मागे? मी वृद्धाश्रमात आहे. गव्हाची शेती केलेले युक्रेनी, जर्मन आजोबा. मुलं अल्बर्टात, व्हँकुव्हरात. एक आजोबा रोज दुपारी कोट घालून दाराशी बसतात. मुलगा एकदा म्हणाला होता, मंगळवारी येतो. कोणत्या मंगळवारी ते सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना मंगळवार आहे की नाही ते सांगत नाही. हे मी तुम्हाला अशासाठी लिहिते की इथली माणसं वाईट नाहीत, फक्त थोडी आहेत. सचिन आला तर त्याला डोक्यावर घेतील.

दाखला सापडला का? नसेल तर नुसतं शपथपत्रही पाठवा, बाईंना मी पटवते. नियम बदलणार अशी कुणकुण आहे.

तुमची,
देवश्री

---

तेलीबांधा, रायपूर
२ नोव्हेंबर २०११

चि. सौ. देवश्रीस आशीर्वाद.

दिवाळी झाली. तुझ्या मामीने अनारसे केले, तळताना निम्मे विरघळले, आणि दोष तुपाला दिला. सचिनला एकच दिवस सुट्टी. भट्टी दिवाळी पाळत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत कपाट काढलं. दाखला दिसला नाही. आर्वीची ती शाळाही आता राहिली नसेल. राहता राहिलं शपथपत्र. त्याबद्दल थोडं स्पष्ट लिहितो, रागावू नकोस.

फेब्रुवारीत इथे गणती झाली तेव्हा मला खात्याने शिकवणीसाठी बोलावलं होतं. दोनशे शिक्षकांपुढे उभा राहून मी एकच गोष्ट घोकून घेतली, की विचारल्याशिवाय लिहायचं नाही. नाव ऐकून जात लिहू नका, चेहरा पाहून वय लिहू नका, बोलणं ऐकून मातृभाषा लिहू नका. प्रत्येकाला विचारा. त्या दोनशांतले भैय्यालाल गुरुजी आमच्याच वॉर्डात आले. मी घरी नव्हतो. दार सचिनने उघडलं, सगळी उत्तरं हिंदीत दिली, आणि गुरुजींनी मोहरील कुटुंबाच्या मातृभाषेच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी हिंदी लिहून टाकली! मी रात्री आलो, समजलं, आणि सकाळी सातला गुरुजींच्या दारात. ते म्हणाले, "आपका बेटा तो हिंदी में ही बोलिस." मी म्हटलं, "उसको पूछा क्या?" नव्हतं विचारलं. खोडून मराठी करून घेतलं, तीनदा, माझ्या देखत. घरी आलो तर चिरंजीव म्हणतात, "पापा, क्या फर्क पड़ता है? तीन आदमी हैं." तीन आदमी! अशा तीन-तीन आदम्यांनीच आकडा बनतो, हे ज्याला कळत नाही त्याला मी माझा मुलगा म्हणतो.

तर असा मी माणूस. कागद समोर नसताना शपथेवर लिहून द्यायचं म्हणजे आयुष्यभर जे दुसऱ्यांना करू दिलं नाही ते स्वतः करायचं. कागद सापडू दे, मग बघू.

तुझ्या त्या कोटवाल्या आजोबांबद्दल वाचलं. मोठा छान प्रांत दिसतो. म्हातारे मोजायला मात्र सोपे, एका ओळीत बसलेले असतात.

तुझा,
दत्तोमामा

---

रिजायना
१८ जानेवारी २०१२

ती. मामा,

आज इथे उणे तीस आहे. गाडी सुरू होत नाही, म्हणून सुट्टी, म्हणून हे पत्र. छोटंच लिहिते.

माया आणि संपदा एकच होती हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला पाळण्यात पाहिलंत, तिच्या लग्नात अंतरपाट धरलात, तिला अग्नी द्यायला बाबांबरोबर उभे होतात. आणि शपथेवर लिहायला तुम्हाला कागद लागतो! माझ्या आईचा दाखला म्हणजे तुम्हीच आहात, मामा. दुसरं कोणी उरलेलं नाही. हे तुमच्या खात्यात शिकवत नाहीत का?

सचिन फोनवर काही बोलत नाही. "हव दीदी, देखते हैं" एवढंच. तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला माहीत नाही.

फॉर्म भरून तयार आहे. दोन कागदांवाचून अडला आहे. मार्चच्या आत पाठवा. नियम खरोखर बदलताहेत.

देवश्री

---

तेलीबांधा, रायपूर
१० मार्च २०१२

चि. सौ. देवश्रीस आशीर्वाद.

अभिनंदन! तुमचा निकाल लागला. मी पहिल्याच आठवड्यात पाहिला. दहा लाख तेहतीस हजार तीनशे एक्याऐंशी! आमच्या रायपूरपेक्षा तेवीस हजारांनी पुढे गेलात. या तेवीस हजारांमुळे मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगतो. नंतर जरा हिशेब केला आणि भूक परत आली. तुम्ही पाच वर्षांत वाढवले पासष्ट हजार, तेही अर्ध्या जगाला हाका मारमारून. आमच्या रायपूरने दहा वर्षांत चार लाख वाढवले, कोणाला हाक न मारता. उलट येऊ नका म्हणावं तर ऐकत नाहीत. एका चौरस किलोमीटरला पावणेदोन माणसं पडतात तुमच्याकडे. पाऊण माणूस कोण असतो हे आमच्या खात्यालाही कधी समजलं नाही, पण तुमच्याकडे त्याला कामावर घेत असतील.

इथे नव्या राजधानीत मंत्रालयाची इमारत उभी राहिली. एवढी मोठी की चपराश्याला फाइल नेताना डबा बरोबर घ्यावा लागेल. आमचे शासकीय मित्र आतापासूनच रडताहेत, कारण तिकडे राहायला जायला कोणी तयार नाही. तेव्हा तुझा टोमणा मान्य. रिकामे रस्ते बांधणं हा धंदा दोन्हीकडे सारखाच आहे.

सचिन आठ दिवस घरी होता. भट्टी साफ करताना गरम राख उडाली, डाव्या हाताला थोडं भाजलं. कारखान्याने औषधपाणी केलं. आता कामावर जाऊन राहिला.

शपथपत्राचं गुढीपाडव्यानंतर बघतो. नोटरीचा सध्या पत्ता नाही, त्याच्याकडे लग्न आहे.

तुझा,
दत्तोमामा

---

रिजायना
१५ मे २०१२

मामा,

आता गडबड करू नका. नोटरीच्या घरचं लग्न सावकाश होऊ द्या.

या महिन्यापासून नियम बदलला. नातेवाइकाला आता आधी इथल्या मालकाचं नोकरीचं पत्र हवं. सिलतऱ्यातल्या मुलाला न बघता नोकरी कोण देणार? नुसत्या नात्यावर येण्याचं दार बंद झालं. माझा फॉर्म खणात पडला आहे, त्यावर दोन रकाने कोरे आहेत. तुम्हाला कोरे रकाने आवडत नाहीत, म्हणून मुद्दाम कळवते.

"डाव्या हाताला थोडं भाजलं"! मी मामींना फोन केला. कोपरापासून मनगटापर्यंत, मामा. दोन महिने झाले तरी तो मूठ मिटू शकत नाही. मामी म्हणाल्या, "तुह्या मामाले सांग, आकडे कमी सांग, मन जास्त लाव." तुम्ही मला राखेबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि पावणेदोन माणसांबद्दल पान भरून.

एक खरं मलाही सांगू द्या, नाहीतर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? हे सगळं मी निव्वळ सचिनसाठी करत नव्हते. नरेश सोमवार ते शुक्रवार खाणीवर. मी दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना भरवते आणि घरी येऊन एकटी जेवते. मराठी बोलायला फोन लागतो. माझ्या टेबलावर कोणीतरी माझ्या रक्ताचं बसावं असं मला वाटत होतं. प्रांताची वाढ वगैरे मी तुम्हाला पटावं म्हणून लिहिलं, कारण तुम्हाला दुसरी भाषा समजत नाही.

आता लिहू नका. किंवा लिहा. मला काही फरक पडत नाही.

देवश्री

---

तेलीबांधा, रायपूर
९ जून २०१२

चि. देवश्रीस,

या पत्रात आकडे नाहीत.

दाखला माझ्याकडे होता. आर्वीच्या कन्याशाळेचा, १९६८ चा, कु. माया विनायक मोहरील, वर्तणूक चांगली. तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात, माझ्या नेमणुकीच्या कागदांखाली आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दुपारी मी तो काढून पाहिला आणि परत ठेवला. "शोधतो" लिहिलं तेव्हा तो माझ्या हातापासून दोन फुटांवर होता. दिवाळीत कपाट काढलं हे खरं आहे. दिसला नाही हे खोटं आहे. नोटरीकडे लग्न नव्हतं.

जो माणूस मातृभाषेचा एक रकाना दुरुस्त करायला सकाळी सातला गुरुजींच्या दारात जाऊन उभा राहतो, तो वर्षभर सख्ख्या भाचीला खोटं लिहितो. दोनशे शिक्षकांना शिकवणाऱ्या या महाभागाची मला आता किळस येते. तुला येत असेल तर ती वाजवी आहे.

कारण विचारशील. तुझ्या प्रांताची जी टर मी उडवली ती सगळी घाबरल्याची होती. दाखला परत ठेवला तरी सुरुवातीला मधूनमधून वाटायचं, जाऊ दे पोट्ट्याला, इथे काय ठेवलं आहे? मग तुझं ते सप्टेंबरचं पत्र आलं. कोट घालून दाराशी बसणारा माणूस. तू तो सचिनला बोलावण्यासाठी लिहिलास आणि मी त्यात स्वतःला वाचलं. तुझ्या मामीला, इंदूला, सांधेदुखी, मला एक डोळा कमी. मी इथे बसून कोणत्या मंगळवारची वाट पाहू? म्हणून त्याला कागदाखाली दाबून ठेवला. वाटायचं, प्रांताचं दार आपोआप बंद होईल, निर्णय आपल्याला घ्यावा लागणार नाही. झालंही तसंच. खात्यात आम्ही याला "मुदत संपल्याने निकाली" म्हणायचो.

मार्चमध्ये त्याचा हात भाजला. रात्रभर तो हात उशीवर ठेवून बसला होता. मी शेजारी बसलो होतो. तेव्हाही मुदत होती. तेव्हाही मी उठून कपाट उघडलं नाही. हे मी तुला लिहू शकतो, त्याला सांगू शकत नाही. तुझं पत्र मात्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याने ऐकलं आणि विचारलं, "पापा, चाय पियोगे?" नंतर चहा करून दिला. तेव्हापासून घरात त्याचा आवाज फक्त भांड्यांचा येतो.

दाखला आणि शपथपत्र दोन्ही सोबत पाठवतो आहे. आता त्यांचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. तुझ्या आईचा कागद तुझ्याकडे असावा.

तुझा मामा,
दत्तोपंत विनायक मोहरील

---

रायपूर
२२ जुलै २०१२

देवश्री दीदीले सचिनचा प्रणाम.

मी पहिल्यांदा मराठीत चिट्ठी लिहून राहिलो. हिंदी मीडियमवाला आहो, गलती होईल, माफ करा. इंग्रजीत लिहिलं असतं तर आईले वाचता आलं नसतं, आणि ही चिट्ठी पहिले आई वाचणार आहे.

पापानं तुमाले सगळं लिहिलं, मले माहीत आहे. कागद कुठं आहे हे मले तुमच्या पहिल्या चिट्ठीपासून माहीत होतं. कपाटाची चाबी आईच्या देव्हाऱ्यात राहते. एक दिवस पापा दूध आणाले गेले तं मी कपाट उघडलं. नेमणुकीच्या कागदाखाली मायाआत्याचा दाखला. फोटो काढून तुमाले पाठवायले पाच मिनिट लागले असते. मी वापस ठेवून दिला.

तुम्ही म्हणाल, काहून? दीदी, मले पापाच्या हातून पाहिजे होता. चोरून गेलो असतो तं जिंदगीभर चोरून गेल्यासारखं वाटलं असतं. मी वर्षभर वाट पाहिली. रोज ड्यूटीवरून आलो का पाहो, टेबलावर ठेवला का. मार्चमधी हात भाजला त्या राती पापा बाजूले बसून होते. मले वाटलं, आज उठतील. नाही उठले.

आणखी एक गोष्ट सांगतो, बुरा नका मानू. तुम्ही दोघं वर्षभर एकमेकाले लोकसंख्या कळवून राहिले. रायपूरची किती, सस्कॅचवानची किती, १९३१ मधी किती. मले तुमच्याकडे जायचं आहे का, हे दोघांतून एकानं बी विचारलं नाही. पापा तं भैय्यालाल गुरुजीले शिकवतात का सगळ्याले विचारा. मी त्याच घरात राहतो. तुमाले जेवताना सोबत पाहिजे होती, पापाले म्हातारपणी सोबत पाहिजे होती. मी काय, टिफिन आहो का?

मले जायचं होतं. विचारलं असतं तं हव म्हटलं असतं.

आता मी ओमानले जाऊन राहिलो. स्टीलचाच प्लांट आहे, दोन सालचा करार. एजंटनं नात्याचा कागद नाही मागितला. तिथं कोणाचा मामा, कोणाची आत्या, कोणी पुसत नाही. मेडिकलमधी डॉक्टरनं हात उलटापालटा करून पाहिला, मूठ बंद करायले लावली. झाली बंद. पास केलं. तिथं बी राख असेल, पण ती मी पसंत केलेली राहील. तिकडून पैसा पाठवीन, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करू. पुढच्या सोमवारी मुंबईची गाडी आहे.

काल पापाले सांगितलं. मी समजलो होतो का आता ओमानचे आकडे ऐकावे लागतील, किती वाळू, किती माणसं, कसा फालतू देश. पापानं नुसतं विचारलं, बॅग कुठं आहे, अन् आत गेले.

आता आई ही चिट्ठी वाचून राहिली आहे आणि पदरानं डोळे पुसून मलेच म्हणते, "लई वाकडं लिहितं रे तू." पापा आतमधी माझी बॅग भरून राहिले. सकाळपासून दोनदा काढली, दोनदा भरली. गरम कपडे टाकून राहिले, स्वेटर, मफलर. ओमानमधी पंचेचाळीस डिग्री राहते. मी पाहिलं, पण सांगितलं नाही.

तुमचा,
सचिन